वरचा अर्धा

शनिवार, ४ ऑक्टोबर

वर्ग झाला! नेमबाजी क्लबची शेड, समोर नवी रायफल घेतलेली माणसं — बहुतेक माझ्या दुप्पट वयाची — आणि शिकवणार मी! मार्ज क्लब चालवते. ती म्हणते, "डेलिया, तुमच्या घरात कॉलेजात गेलेली तू पहिली. तुझं ऐकतील."

ऐकलं खरं. आधी मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढा, मगच बोल्टचा खटका मागे ओढा. उलट केलंत तर रायफल रिकामी वाटते आणि गोळी आत असते. मग डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. दुसऱ्यानं तपासून दिली तरी स्वतः तपासा. दुर्बीण, टॉर्च, नवी मूठ — सगळं नंतर. ते पैसे सरावाच्या गोळ्यांवर घाला.

एकजण म्हणाला, "मग इतकं काय काय जोडता येतं, ते कशाला?"

मार्ज मागून ओरडली, "वाढदिवसाला तुला काय द्यायचं, हे बायकोला सुचावं म्हणून!"

शेवटी दोन खिळी दाबून रायफलीचे दोन अर्धे करून दाखवले. कायद्याच्या लेखी खालचा अर्धा हीच रायफल, नंबर त्याच्यावर असतो. नळीचा वरचा अर्धा म्हणजे नुसतं लोखंड; पण तो नसेल तर गोळी सुटत नाही. कुणीही कुणाकडे ठेवावं. फार ऐटीत सांगितलं हे.

रविवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. लिहवेना.

सगळे गेल्यावर मिस्टर टॅकेट मागे राहिले. आमचे रस्त्यापलीकडचे शेजारी, शेळ्या पाळतात. एप्रिलमध्ये मिसेस टॅकेट गेल्या. कोल्हे करडं पळवतात म्हणून त्यांनी ही रायफल घेतली. टोपी हातात घेऊन उभे.

"मास्तरीणबाई, वरचा अर्धा तुझ्याकडे ठेवशील? थोडे दिवस. अख्खी घरात नको वाटते."

मला कळलं. लगेच कळलं! आणि मी काय म्हणाले? "नियमात बसतं का, ते बघावं लागेल."

"हो, हो. बघ ना. घाई नाही." टोपी घातली, गेले.

नियम! तासाभरापूर्वी मीच सांगितलेला नियम — तो त्यांनी पहिल्या बाकावर बसून ऐकला होता. त्यांचं दुःख मला माझ्या कपाटात नको होतं. एवढंच खरं.

सोमवार

फोन केला. उचलला नाही. परत केला. नाही.

मार्जला सांगावं? मग तिला माझं ते वाक्यही सांगावं लागेल. नाही सांगितलं. माणसाचा जीव एकीकडे आणि माझी लाज एकीकडे — आणि मी लाज सांभाळत बसलेय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सफरचंदं भरून ॲपल-पाय भाजला. ताट घेऊन त्यांच्या फाटकापर्यंत गेले. गाडी दारात. शेळ्या ओरडत होत्या, नेहमीपेक्षा जास्त. हाक मारायला तोंड उघडलं — आणि वाटलं, ओ आली नाही तर? परत फिरले. ताट घेऊन परत फिरले!

घरी येते तर बाबांचा ट्रक दारात. मालाची लांबची फेरी संपवून एक दिवस आधीच आले होते. बूट काढत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तेही वाक्य.

बाबांनी काढलेला बूट परत घातला. माझ्या हातातलं ताट घेतलं आणि निघाले.

किती वेळ गेला, माहीत नाही. खिडकी सोडली नाही. परतले तेव्हा ताट नव्हतं. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.

"बाबा, मिस्टर टॅकेट...?"

"आहे. शेळ्यांना चारा घालायचा राहिला होता. दोघांनी मिळून घातला."

"तुम्ही काय विचारलंत त्यांना?"

"जेवलास का, विचारलं."

"आणि?"

"नव्हता जेवला. तुझा ॲपल-पाय खाल्ला. साखर कमी आहे म्हणाला." टॉवेल कपाटात वर ठेवला, कुलूप लावलं. "किल्ली माझ्याकडे. मागायला आला तर आधी कॉफी पाजायची. उद्या डॉक्टरकडे नेतो त्याला. कबूल झालाय."

मला रडू आलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

बुधवार

दोघे डॉक्टरकडे गेलेत. मी पुढच्या वर्गाच्या कागदावर पहिल्या ओळीच्याही वर लिहिलं: जड दिवस आले तर वरचा अर्धा मित्राकडे द्या. मित्रानं 'ठेवशील का' विचारलं तर हो म्हणा. लगेच.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

बाबांना विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं, काय बोलायचं ते?"

भांडी पुसत म्हणाले, "तुझी आई घर सोडून गेली, त्या हिवाळ्यात माझा अर्धा या ऑर्व्हिल टॅकेटकडेच होता. तेव्हा तोही एवढंच विचारायचा."

त्या हिवाळ्यात मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. अभ्यास फार होता म्हणून नाताळलाही घरी आले नव्हते.