शिवाचं समाजघर

रोहा, वैशाख वद्य पंचमी

प्रिय मोरू,

तुझा फोन आला तेव्हा बाबा शेजारीच बसले होते, म्हणून 'उद्घाटन छान झालं' एवढंच मी बोलले. बाकीचं लिहूनच कळवावं असं वाटलं. मस्कतला सुट्टीच्या दिवशी, खोलीत कुणी नसताना वाच.

शिवाच्या नावाचं हे तिसरं समाजघर. खांबला पहिलं बांधलं तेव्हा लोकांचा विश्वासच बसेना, की परक्या गावाला कुणी फुकट सिमेंट देईल. आता बोलावणी येतात. ही वाडी गडब गावाच्या आत, खाडीच्या अंगाला. सगळी भातशेती, आणि पावसाळ्यात चहूकडे पाणी. सामान आपल्या न्यासाचं, अंगमेहनत वाडीची, हा नियम तुझाच. जोतं पुरुषभर उंच घ्यायचं, हाही तुझाच. कुंडलिकेच्या पुरानं माझ्या शिवाला परत दिलं नाही. दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं उरकावं लागलं. पुराच्या वेळी कुणालाही उभं राहायला पक्की जागा हवी, असं म्हणालास आणि मस्कतला गेलास, तो पुन्हा फिरकला नाहीस. पैसे येतात, फोन येतो. का येत नाहीस, ते मी कधी विचारलं नाही.

चैत्रात मी काम बघायला गेले होते. दाजी गवंडी म्हणाला, "बाई, तुमचा माणूस कामाला वाघ हाय. दुपारचा येतो, विटा देतो. जेवायला बोलावलं तर नाय म्हणतो." मी म्हटलं, न्यासाची माणसं म्हणजे मी आणि तुझे बाबा, तिसरं कुणी नाही. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय. मग जरा आवाज हळू करून म्हणाला, "कपडे मात्र त्याचे कायम ओले. बसतो तिथं ओल राहते, वाळत नाय." विहिरी तळाला गेल्या होत्या रे तेव्हा. खाडीत मासे धरणारा कुणी असेल, असं म्हणून मी विषय सोडला. घरी आल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

उद्घाटनाला सगळी वाडी जमली होती. बायका नव्या साड्या नेसून आल्या होत्या. बाबांनी शिवाचा फोटो भिंतीला लावला, हार घातला. तेवढ्यात कामकऱ्यांना पाणी देणारी ठमाबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती पुढे आली आणि हसत म्हणाली, "ह्यो? ह्यो तर आमच्यासंगं राबला गो! ह्याला हार कशाला?"

ताशेवाला वाजवता वाजवता थांबला. दाजीनं फोटोकडे बघितलं आणि हळूच डोक्यावरची टोपी काढली. पोरांना बायकांनी जवळ ओढलं. बाबा म्हणाले, "माणसासारखी माणसं असतात." पण नंतर कुणाचं लक्ष नाही असं बघून ते वाकले, ओट्याच्या कोपऱ्याला हात लावला आणि तो धोतराला पुसला.

निघताना ठमाबाईनं मला मागच्या पडवीत नेलं. तिचं हसू गेलं होतं. स्लॅब घातला त्या दुपारी तिनं त्याला विचारलं होतं, "तुझं कोण कोण हाय रे?" तो म्हणाला, आई-बाप रोह्याला, भाऊ लांब. मग तिच्याजवळ एक निरोप ठेवला, आईला सांग म्हणून. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

मोरू, तू आम्हाला सांगितलं होतंस, की शिवा मागून येत होता, वळून बघितलं तर नव्हता. आम्ही तेच धरून चाललो. त्याचा हात तुझ्या हातात होता, हे तू कधी बोलला नाहीस, त्यामुळे ठमाबाईला ते कुणाकडून कळणार? निरोपात तो म्हणाला होता, "भावाला सांगा, त्याच्या हातातनं मी निसटलो नाय. मीच हात सोडला. नायतर दोघंही गेलो असतो." खरं-खोटं मला तुला विचारायचं नाही. निरोप तुझ्यासाठी होता, तो तुझ्यापर्यंत पोचावा म्हणून हे पत्र लिहिलं. माझा एक मुलगा पाण्यानं नेला. दुसरा कशानं नेला, ते मला त्या पडवीत कळलं. आता ये, बाळा.

वाट बघणारी, तुझीच,
आई