क्योतोहून आणलेला प्रसाद

बॉथेल,
९ डिसेंबर २००६

प्रिय शुभा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. जपानातल्या देवळांत जोडे दाराशी काढावे लागतात, आणि माझ्या डाव्या मोज्याला भोक होतं. क्योतोतल्या यच्चयावत बुद्धांना माझ्या पादांगुष्ठाचं दर्शन घडलं. एका देवळाच्या चकचकीत ओसरीवर मी बगळ्यासारखा उभा राहिलो, तेव्हा शेजारच्या जपानी आजीबाई अत्यंत सभ्यपणे छताचं नक्षीकाम बघू लागल्या. दोष माझा नाही. निघण्याआधी मोजा शिवायला बसलो, तर घरात सुईदोऱ्याचा डबा नाही. तो तू नागपूरला नेलास. दोन महिन्यांसाठी माहेरी जाणारी बाई सुईदोऱ्याचा डबा कशाला नेते, हा पूर्वपक्ष. उत्तरपक्ष आठ महिने झाले तरी आलेला नाही.

ठरलं होतं ते असं, की तू तिकडून यायचं, मी इकडून, ओसाकाला भेटायचं, आठवडाभर देवळं बघायची आणि मग बरोबरच घरी यायचं. निघायच्या तोंडावर तुझी एका ओळीची ईमेल आली. कॉलेजच्या परीक्षा आहेत, जमत नाही, तू जाऊन ये. मी तुझा जुना आज्ञाधारक सहाध्यायी, जाऊन आलो.

एका डोंगरउतारावर स्मशान होतं. थडग्यांमागं लाकडी उंच फळ्या उभ्या केलेल्या, आणि त्यांवर चक्क आपली जुनी सिद्धम् लिपी. आपल्याकडे ती आता पोथ्यांतच उरली, आणि ही माणसं अजून तिच्यात आपल्या मेलेल्यांचा निरोप घेतात. मी एकेक अक्षर लावत बसलो. एम. ए.च्या वर्गात तू माझे विसर्ग सरांच्याही आधी दुरुस्त करायचीस, आठवतं? तिथं मी एक बीजाक्षर मोठ्यानं वाचलं, मुद्दाम चुकीचं, आणि थांबलो. मग मीच ते दुरुस्त केलं.

पुढं एका तळ्याकाठी सरस्वतीचं देऊळ लागलं. तिथं तिला बेन्झाइतेन म्हणतात. वीणा तीच, नाक जरा बसकं. तिला म्हटलं, बाई, तुमची खरी भक्त आली नाही, मी नुसता तिचा सामानवाला. बागांचं तर तुला हसूच येईल. अंगणभर पांढरी खडी, तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा, आणि तो म्हणे समुद्र. लोक ओसरीवर बसून त्या कोरड्या समुद्राकडे तासन्‌तास बघतात. मीही बसलो. शेजारी पिशवी ठेवून तुझी जागा धरली होती. एका फ्रेंच बाईनं इथं बसू का म्हणून विचारलं. नाही म्हणायला कारण सुचेना, पिशवी उचलली.

आता मुख्य पराक्रम ऐक. एका शिंतो देवळात लाकडी डबा हलवला, काडी पडली, पुजारीणबाईंनी तिच्यावरचा आकडा बघून दोन्ही हातांनी एक कागद दिला. देवळात दोन्ही हातांनी मिळतं ते काय असतं? प्रसाद. मी तो कपाळाला लावला, पाकिटात घातला आणि इथं आणून देव्हाऱ्यात तुझ्या अन्नपूर्णेशेजारी ठेवला. रोज कुंकू वाहत होतो. गेल्या रविवारी वरच्या मजल्यावरची हिमानी आली, तीच, पुण्याची, जिला तू वरणाला फोडणी द्यायला शिकवलंस. तिच्या ऑफिसातली जपानी मैत्रीण केइको बरोबर होती. मी पोहे केले होते. केइकोनं देव्हारा पाहिला आणि बिचारीचा घास तोंडातच राहिला. तो कागद म्हणजे भविष्य, शुभा. चांगलं निघालं तर घरी न्यायचं, वाईट निघालं तर तिथल्याच दोरीला किंवा झाडाला बांधून, तिथंच सोडून यायचं. माझं अतिवाईट निघालं होतं. हिमानी खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. “अहो काका, बॅड लक हँड बॅगेजमधून आणलंत यार! आणि वर कुंकू!”

मी म्हटलं, आता वाचाच. केइको वाचू लागली. धंद्यात खोट. म्हटलं, नोकरदाराला धंदा कुठला. हरवलेली वस्तू सापडणार नाही. म्हटलं, माझी छत्रीच हरवलीय, जाऊ दे. पुढच्या ओळीला ती अडखळली, जुनी जपानी आहे, कळत नाही म्हणाली. हिमानीनं “सांग ना गं” म्हणून पिच्छा पुरवला, तेव्हा खाली बघत सांगितलं. ज्या माणसाची वाट पाहता आहात, ते माणूस येणार नाही. मग हिमानी उठली आणि कुणी न मागता सगळ्यांना चहा टाकला.

इकडे ग्रॅनाइट फॉल्सला नदीकाठी एक शिंतो देऊळ आहे, तिथंही बांधता येईल असं केइको म्हणाली. काल जाऊन बांधून आलो. मीमांसा शिकलेला माणूस कागदाच्या चिठोऱ्याला गाठ मारत उभा, आणि गाठ बसेना. थंडी फार होती, असं आपण म्हणू. तिथल्या पार्किंगमध्येच ईशानचा फोन आला. कॉलेजात गेल्यापासून तुझ्या लेकाला एकदम शहाणपण फुटलंय. सगळं ऐकून म्हणाला, “बाबा, व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क हर?” मी म्हटलं, रेंज जातेय.

रेंज व्यवस्थित होती. म्हणून हे पत्र, ईमेल नव्हे. ईमेलला तू एका ओळीत उत्तर देतेस. तिकिटाचा विषय काढला की तू आईंच्या गुडघ्याचं सांगतेस, मग मी गुडघ्याची चौकशी करतो, आणि फोन संपतो. इथल्या तुझ्या व्हिसावर नोकरी करायची बंदी होती. सहा वर्षं तू घरात बसलीस आणि हळूहळू बोलायचीच थांबलीस. मी मात्र ते थंडीवर ढकलत राहिलो. परवा फोनवर तुझ्या मागं कॉलेजातल्या विद्यार्थिनी “मॅडम, मॅडम” करत होत्या, आणि तू हसत “अगं थांबा गं जरा” म्हणालीस. तो आवाज मी फार वर्षांनी ऐकला. तू तिथं सुखात आहेस, आणि मला दुखवायला नको म्हणून सांगत नाहीयेस, असं मला वाटतं. ये म्हटलं तर कदाचित येशीलही, आणि पुन्हा गप्प होशील. म्हणून ये म्हणवत नाही. नको येऊस असंही लिहवत नाही. तू येणार आहेस की नाही, एवढं मला खरं खरं कळव. रोज संध्याकाळी कुलूप उघडून या घरात शिरायची मला भीती वाटायला लागलीय, शुभा.

तुझाच,
गुरुनाथ