सिल्लिमहून आणलेली पुस्तकं

१२ एप्रिल
सिल्लिमची, परीक्षार्थी पोरांच्या त्या वस्तीची, चढण आता गुडघ्यांना मानवत नाही. पण जुन्या पुस्तकांचं दुकान नेमकं वरच्या टोकाला! लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेच्या मागच्या प्रश्नपत्रिका मिळाल्या — आकलन आणि तर्क. निबंधाचे नमुने नाहीत. दुकानदार म्हणाला, "कुणासाठी?" म्हटलं, मुलीसाठी. दान्बी बेकरीत पाव भाजते. एवढं तल्लख डोकं, आणि भट्टीसमोर!

१५ एप्रिल
झेरॉक्सवाल्याकडून पुस्तकांचे कणे कापून घेतले, पातळ भाग करून स्पायरल लावलं. सगळी पोरं असंच करतात. जाड पुस्तक बघूनच निम्मा धीर जातो.
दान्बीच्या टेबलावर नीट रचून ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर वर पिठाची पिशवी.

१९ एप्रिल
जेवायला समुद्रशेवाळाचं सूप! भडकलोच. "वाढदिवसाला कर की. परीक्षेच्या घरात हे निसरडं कशाला? घसरेल पोर!"
दान्बीची आई शांतपणे वाढत होती. "परीक्षा जुलैत आहे. आणि देते असं ती म्हणालीय कधी?"
दान्बी दोन वाट्या प्यायली. मुद्दाम!

२ मे
निबंधाचे नमुने मिळाले. यंदाच प्रवेश मिळालेला मुलगा, मेट्रो स्टेशनवर पिशवी घेऊन उभा होता. पास झालेल्याची पुस्तकं लाभतात म्हणतात, म्हणून दोनदा विचारून घेतलं — खरंच पास ना? हसला. "पास, काका! तर्काचे प्रश्न मात्र तिला घड्याळ लावून सोडवायला सांगा. वेळ पुरत नाही."

३ मे
घड्याळ लावून पाहिलं. फक्त पाहायला, छपाई धड आहे का. जन्म गेला वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात, सवय जात नाही.
वेळ संपला. शेवटचे प्रश्न राहिले. आयुष्यात एकदाही पान छपाईला उशिरा सोडलं नाही मी!

४ मे
पुन्हा बसलो. सगळे झाले!!

११ मे
रविवार. दान्बी हात पुसत समोर येऊन बसली. "बाबा, आता नीट ऐका. मला वकील व्हायचं नाही. मला पाव भाजायला आवडतं. पुढेमागे स्वतःची बेकरी काढीन."
मी म्हटलं, एकदा देऊन तर बघ.
"आजोबा गेले, तुम्हाला कायदा सोडून नोकरी धरावी लागली. वाईट वाटतं मला, खरंच. पण ते माझ्या गळ्यात नका ना घालू."
बरोबर आहे तिचं. मुलगी हुशार आहे म्हणत होतो, ते काही खोटं नव्हतं.

१२ मे
पुस्तकं रद्दीवाल्यासाठी दाराबाहेर काढली.

१३ मे
परत आत घेतली. पाऊस येईल म्हणून. (दिवसभर कडकडीत ऊन.)

२० मे
दान्बीची आई जेवणाच्या टेबलापाशी येऊन थांबली. प्रश्नपत्रिका पालथी घालायला वेळ मिळाला नाही.
"आता हे कुणासाठी?"
"दुकानदार परत घेत नाही."
"विचारलंत?"
नव्हतं विचारलं. ती कोबी चिरायला गेली. पुढच्या आठवड्यात परीक्षेचे अर्ज सुरू होतात. वयाची अट नाही — सहज वाचलं. पण साठीचा माणूस त्या पोरांच्या रांगेत? हसतील. पर्यवेक्षक समजून उत्तरपत्रिका माझ्याच हातात देतील! आणि घरी तरी कुठल्या तोंडाने सांगायचं?

२८ मे
संगणकावर अर्ज उघडला. नाव लिहिलं. बंद केला.

२९ मे
माझा वाढदिवस. सकाळी भात, किमची, दान्बीने आणलेला ताजा पाव — आणि सोयाबीनच्या मोडांचं सूप. लग्न झाल्यापासून वाढदिवसाला शेवाळाचं सूप चुकलं नव्हतं. विसरली असेल, असं वाटलं. तरी नजर पातेल्याकडे गेलीच.
दान्बी खाली मान घालून हसत होती. तिची आई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जुलैपर्यंत मिळायचं नाही. घसरलात म्हणजे?"