पहिला फोन न्हावऱ्याला यावा

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
परदेशस्थ नागरिक मदत कक्ष, पुणे

विषय : युद्ध पेटल्यास पतीची खबर प्रथम पत्नीस कळविणेबाबत.
संदर्भ : आपल्या यादीतील नोंद, श्री. हनुमंत सर्जेराव कोळपे

महोदय,

१. मी सौ. प्रतिभा हनुमंत कोळपे, रा. न्हावरे, ता. शिरूर. माझे पती दोन वर्षांपासून आखातात गोदामावर क्रेन चालवतात. तिकडे युद्धाची चिन्हे दिसू लागल्याने शासन आपल्या माणसांची यादी करीत आहे, हे समजताच मी पासपोर्टची झेरॉक्स घेऊन केंद्रावर गेले. तेथे कळले की, नाव अगोदरच लागले आहे. लावणाऱ्या माझ्या थोरल्या नणंद सौ. धनश्री, रा. राहू, ता. दौंड. संपर्काच्या रकान्यात त्यांचाच मोबाईल क्रमांक आहे. रकाना एकच आहे.

२. विचारले असता त्या म्हणाल्या, “तू रानात आसती, तिथं रेंज न्हाई. माझा फोन घरात आसतो.” सदर कारण मला मान्य नाही. रानात असताना मी मोबाईल बांधावरच्या लिंबाला पिशवीत टांगते. तेथे रेंजच्या दोन कांड्या येतात. याबाबत शेजारी हमीदाभाभींचे लेखी म्हणणे जोडले आहे.

३. मंगळवारी आपल्या कक्षातून राहूला फोन गेला की, पतींना बंदराजवळच्या कॅम्पातून सुरक्षित जागी हलविले आहे. मला ते साडेचार तासांनी कळले, तेही हमीदाभाभींकडून. “प्रतिभा, तुझा मालक सुखरूप हाय. धनश्रीनं स्टेटसला ठिवलंय,” असे त्या म्हणाल्या. मला आनंद झाला, तो खोटा नाही. परंतु निम्मे राहू गाव ते वाचत होते तेव्हा मी उसात खुरपत होते, हे अद्याप सहन होत नाही.

४. निघताना पती मला एकटीला म्हणाले होते, “काय बी झालं तर पयलं तुला कळंल.” बातमी वाईट असली तरी ती मला ताजी मिळावी. कोणी आधी रडून घेऊन, तोंड पुसून मला सांगायला येऊ नये.

५. नणंदबाईंचे नाव खोडावे, असा अर्ज मी काल लिहिला होता. तो फाडला. सासूबाई वारल्या तेव्हा पती तीन वर्षांचे होते. त्यांना वन्संनीच वाढवले. तरी त्यांचा क्रमांक राहू द्यावा. मात्र माझा त्याच्या वर लिहावा. राहूला मीच कळवीन, त्याच मिनिटाला.

उत्तराची वाट पाहणारी,
सौ. प्रतिभा हनुमंत कोळपे
न्हावरे, दि. १९ जून २०२५