लुवोंबा केंद्रावरचं शून्य

शॉमबर्ग,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. देवयानीस,

खूप आशीर्वाद. तुझी प्रश्नांची ईमेल माझ्या विवेकने प्रिंट काढून दिली. फोनवर टाइप करायला बोटं ऐकत नाहीत, म्हणून सरळ कागदावर लिहिते आहे. अक्षर लागलं नाही तर फोन कर. गणपतीत मंडळात भेटलीस तेव्हा सर्दी होती, ती गेली का? होस्टेलवर नुसत्या नूडल्सवर राहू नकोस. सोबत थालीपिठाची भाजणी पाठवते आहे.

नागपूरची मुलगी अमेरिकेत येऊन झांबियातल्या एका खेड्यापाड्याच्या मतदारसंघाच्या निवडणुकांवर पीएचडी करते, हे मला आधी खरंच वाटेना. आणि तो मतदारसंघ नेमका आमचा मुलेंबे! मंडळात तू ते नाव घेतलंस तेव्हा माझ्या हातातला प्रसाद सांडला होता. तुला वाटलं, गर्दीत धक्का लागला.

आम्ही तिथे १९७५ ते १९८९ होतो. हे लुवोंबाच्या सरकारी शाळेत गणित शिकवायचे. विवेकचे वडील, पुरुषोत्तम, तुला फोटोत दाखवले ते. ७३ची निवडणूक आमच्या आधीची, तिच्याबद्दल फक्त ऐकलं. एकच पक्ष होता, पण एका जागेला त्याच पक्षाचे दोन-तीन उमेदवार उभे राहायचे. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येकाला चिन्ह असायचं. ७८ला कुदळ आणि कंदील. कुदळवाले राजधानीत राहणारे, बोलायला फार गोड. कंदीलवाले मिस्टर बेन्सन कपासा आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचे. निवडणुकीसाठी त्यांनी नोकरी सोडली होती.

कपासांचं म्हणणं एकच होतं: नदीवर पूल हवा. मुलेंबेच्या मधून नदी जाते. त्या काळी एक तराफा होता, लोखंडी दोराने ओढायचा. त्यावर एका वेळी एक मोटार मावायची. अलीकडे आमची शाळा आणि मिशनचं छोटं हॉस्पिटल, पलीकडे तालुक्याचं गाव, कचेरी, बाजार, सगळं. पावसाळ्यात तराफा बंद पडला की अलीकडची माणसं अडकायची.

८३ला पक्षाने कपासांना उभंच राहू दिलं नाही. ८८ला ते उभे राहिले आणि वाईट हरले, तोवर लोकांची आशा सुटली होती. ९१ला अनेक पक्ष आले तेव्हा आम्ही परत मिरजेला पोचलो होतो.

आता तुझा सातवा प्रश्न. ७८च्या तक्त्यात लुवोंबा केंद्रापुढे शून्य मतं आहेत आणि तू ‘बहिष्कार’ असं लिहिलं आहेस. ते काढून टाक. बहिष्कार नव्हता. लोक पहाटेपासून रांगेत होते, बायका पोरं पाठीला बांधून आल्या होत्या. मी पोटुशी होते, वर्गासमोरच्या आमच्या घराच्या दारात खुर्ची टाकून सगळं पाहत होते. तीनशे बारा जणांनी मत दिलं. केंद्राध्यक्ष म्हणजे आमचे हेडमास्तर, त्यांनी संध्याकाळी आकडा मोठ्याने वाचला. पेटी दुसऱ्या दिवशी कचेरीत पोचायला उशीर झाला, म्हणून मोजली गेली नाही. गाडी बंद पडली होती.

एवढंच. जुन्या कागदांचा पुढचा फोटो पाठवशील तर मोठा करून पाठव, माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही.

तुझी,
शरयूकाकू


शॉमबर्ग,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय देवयानी,

तू पाठवलेला चौकशी अहवाल वाचला. एकदा विवेकने वाचून दाखवला, मग दुपारी तो कामावर असताना भिंग घेऊन मी स्वतः वाचला. विवेक वाचताना म्हणाला, “बिचारा ड्रायव्हर, आई.” मी उठून गॅस बंद करायला गेले. गॅस बंदच होता.

‘वाहनचालक मोझेस फिरी याच्या निष्काळजीपणामुळे पेटी मुदतीत पोचली नाही. गाडी नादुरुस्त झाल्याचा त्याचा दावा तपासणीत खोटा ठरला. त्यास सेवेतून कमी करण्यात आले.’ आणि हेच तू तुझ्या तळटीपेत घालणार म्हणतेस.

मोझेसला काढून टाकलं, हे आम्हाला माहीत नव्हतं, असं मी लिहिणार होते. दोन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसले. पण खोटं लिहिता येईना. आम्हाला माहीत होतं.

मी सगळं सांगते. मध्ये थांबले तर पुढची ओळ दुसऱ्या दिवशीची आहे असं समज.

मतदान १२ डिसेंबरला झालं. लांबच्या केंद्रांच्या पेट्या दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत कचेरीत पोचवायच्या होत्या. पेटी वर्गात सील करून ठेवली होती आणि दोन्ही उमेदवारांकडचं एकेक माणूस राखणीला होतं. कपासा स्वतःच बसले होते. सकाळी सहाला सरकारी लँडरोव्हर घेऊन मोझेस आला. आणि त्याच वेळी मला कळा सुरू झाल्या, तीन आठवडे आधी.

मिशनचं हॉस्पिटल वीस मैलांवर, नदीच्या उलट दिशेला. सगळ्या टापूत गाडी ती एकच. हे धावत वर्गात गेले. हेडमास्तर घाबरले, सरकारी गाडी आणि तीही निवडणुकीची. तेव्हा कपासा उठले. कुदळवाल्यांच्या माणसाला त्यांनी विचारलं, तुझी हरकत आहे का? तो नाही म्हणाला. मग ते ह्यांना म्हणाले, “पेटी नऊपर्यंत थांबू शकते. तुमची बायको थांबू शकत नाही. फक्त नऊला गाडी परत पाठवा.”

हे मी माझ्या कानाने ऐकलं. मला गाडीत बसवताना कपासांनी माझ्या पाठीशी स्वतःच्या कोटाची घडी करून ठेवली होती.

आठच्या आत पोचलो. तिथल्या आयरिश सिस्टरने तपासलं, म्हणाली सगळं नीट आहे, गाडी जाऊ द्या. मोझेस व्हरांड्यात किल्ली हातात घेऊन उभा होता. हे म्हणाले, जा. आणि मी मोझेसचं मनगट धरलं. गाडी गेली तर मी इथेच मरेन, असं म्हणाले. इंग्रजीत म्हणाले, म्हणजे त्याला कळावं. सिस्टर समजावत होती, हे समजावत होते. मी सोडलं नाही. तासाभराने हे माझ्या बाजूने झाले आणि त्यालाच म्हणाले, थांब बाबा, मी बघतो.

का धरलं, ते विवेकलाही माहीत नाही. त्याच्या आधी, ७७च्या फेब्रुवारीत, मला मुलगी झाली होती. त्याच हॉस्पिटलात. नाळ गळ्याभोवती होती. जिवंत होती, सिस्टर म्हणाली मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर वाचेल. गाडी नव्हती. बैलगाडी आणेपर्यंत दुपार झाली. ती पाच तास होती.

म्हणून मला गाडी दिसत राहायला हवी होती, खिडकीतून. एवढंच होतं ते.

विवेक दहा वाजून चाळीस मिनिटांनी झाला. सव्वासात पौंड, रडत, धडधाकट. गाडीची काही गरज लागली नाही. मोझेस तेव्हा सुटला. शाळेत जाऊन पेटी घेऊन तराफ्यापाशी पोचेपर्यंत दीड वाजला, कचेरीत तीन. पेटी घेतली नाही. कपासा अठ्ठ्याऐंशी मतांनी हरले. लुवोंबा त्यांचं स्वतःचं गाव गं. त्या पेटीत कुदळ शोधावी लागली असती.

गाडी बंद पडली असं सांग, हे मोझेसला ह्यांनी सांगितलं. परदेशी माणसाने निवडणुकीची गाडी अडवली म्हणजे देशाबाहेर काढतील, ही भीती. मोझेसने तेच सांगितलं. मेकॅनिकने गाडी तपासली, तिला काही झालं नव्हतं. तरी त्याने आमचं नाव घेतलं नाही. चौकशी झाली तेव्हा हे शाळेत होते, कचेरीला जाऊन चार वाक्यं बोलायची होती. रोज म्हणायचे उद्या जातो. मीही रोज म्हणायचे, उद्या जा.

पन्नास वर्षं होत आली. सहा वर्षांपूर्वी हे गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोनदा तराफ्याचा विषय काढला, मी दोन्ही वेळा दुसरं काहीतरी बोलले.

आता तुझं तू ठरव. माझ्यावरची माया कमी झाली तरी चालेल, मी समजून घेईन.

शरयू


शॉमबर्ग,
७ डिसेंबर २०२५

देवयानी, बाळा,

तुझा फोन आला त्या दिवशी मी नीट बोलू शकले नाही. शैलजा, माझी सून, समोर भाजी निवडत होती. म्हणून आता लिहिते.

आधी विवेकचं. तू म्हणाली होतीस, काकू, आधी त्याला सांगा, मग मी काय छापायचं ते ठरवू. शहाणी आहेस. मी दोन-तीन आठवडे टाळलं. गेल्या मंगळवारी त्याने मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले, मला चारपाच तास सगळं धुरकट. पार्किंगमध्ये गाडीत बसलो, त्याने हीटर लावला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणून बोलू शकले. पेटी, मोझेस, त्याचे बाबा, सगळं.

त्याने हीटर थोडा कमी केला. मग म्हणाला, “तू बरोबरच केलंस आई. मी असतो तर मीही गाडी सोडली नसती.”

मी म्हटलं, नाही रे. सिस्टर सांगत होती, जाऊ दे. मला कळत होतं. तू माझ्या बाजूने बोलू नकोस, नुसतं ऐकून ठेव.

कोणीतरी मागून हॉर्न दिला, त्याला आमची जागा हवी होती. विवेकने हात करून त्याला पुढे जायला सांगितलं. आणि मला विचारलं, “ताईचं नाव काय ठेवलं होतं?”

तिला ताई म्हणाला तो. शेहेचाळीस वर्षांचा माणूस. मी म्हटलं, ठेवायला वेळच मिळाला नाही. मनात निधी होतं. तो म्हणाला, “निधी,” आणि गाडी सुरू केली. घरी आल्यावर आपल्या खोलीत गेला तो जेवायलाच खाली आला. जेवताना माझ्या ताटात त्याने स्वतः भात वाढला. हल्ली कधी वाढत नाही.

आता तू सांगितलंस त्याबद्दल. लुसाकात कपासांच्या मुलीला, ग्रेसला तू शोधून काढलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर तासभर बोललीस. ग्रेस मला आठवते, दोन वेण्या घालायची, विवेकला कडेवर घेऊन हिंडायची. तिने तुला सांगितलं की मोझेसने आठवड्याभरातच तिच्या वडिलांना खरं सांगून टाकलं होतं. म्हणजे कपासांना सगळं माहीत होतं. त्यांनी मोझेसला स्वतःच्या पिठाच्या गिरणीवर ट्रक चालवायला ठेवून घेतलं आणि घरात सगळ्यांना ताकीद दिली की मास्तरांच्या घरी हा विषय काढायचा नाही, त्यांचं लेकरू लहान आहे.

देवयानी, तो माणूस त्यानंतर अकरा वर्षं आमच्याकडे येत होता. दर रविवारी. माझ्या हातचा चहा प्यायचा, विवेकला मांडीवर घेऊन इंग्रजी कविता म्हणून दाखवायचा. आम्ही निघालो तेव्हा तराफ्यापर्यंत पोचवायला आला होता. आम्ही दोघं प्रत्येक रविवारी मनात म्हणायचो, ह्याला कळलं तर काय होईल. आणि तो दर रविवारी सगळं माहीत असूनच येत होता.

हे ऐकल्यावर मला वाटलं होतं ओझं उतरेल. उतरलं नाही, वेगळं झालं. आधी मला भीती वाटायची, आता त्यांची आठवण फार येते. ह्यांना हे कळायला हवं होतं. आणि पूल ९६ साली झाला म्हणालीस, म्हणजे अठरा वर्षं उशिरा. त्या अठरा वर्षांत अलीकडच्या तीरावर किती बायका तराफ्याची वाट बघत बसल्या असतील, ते तुझ्या तक्त्यात येणार नाही. मला ते मोजता येतं.

तू म्हणतेस, काकू, तुमचं नाव गाळते, नुसतं ‘एका स्थानिक शिक्षकाच्या कुटुंबाला तातडीची मदत’ असं लिहिते. तुझा जीव आहे माझ्यावर म्हणून म्हणतेस. कपासांनी माफ केलं असेल, पण कागदावर अजून मोझेसच निष्काळजी आहे. २००४ साली गेला म्हणे. त्याचे नातू कधीतरी तुझा थीसिस उघडतील आणि आजोबांचं नाव शोधतील. त्यांना ‘एका कुटुंबाला’ वाचून काय कळणार?

तेव्हा असं लिही. विवेकला विचारलं आहे, तो हो म्हणाला. इंग्रजी तू कर:

लुवोंबा केंद्रावर १२ डिसेंबर १९७८ रोजी तीनशे बारा लोकांनी मतदान केलं. पेटी वेळेवर न पोचण्यात वाहनचालक मोझेस फिरी यांचा काही दोष नव्हता. त्यांची गाडी मी अडवून ठेवली होती. नंतर त्यांनी जे खोटं सांगितलं ते आमच्या सांगण्यावरून आणि आमच्यासाठी. हे मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देते आहे.

विवेक शेजारी बसला आहे, साक्षीदार म्हणून तोही खाली सही करतो म्हणतो. त्याची मराठी सही तुला वाकडी दिसेल, पण चालवून घे.

शरयू पुरुषोत्तम दीक्षित,
लुवोंबाच्या गणिताच्या मास्तरांची बायको,
निधीची आणि विवेकची आई