गुहेतील पांढरे सुळके

दि. ४ मे, तळोदा

इंदुमती रघुनाथ पाटील, तुझ्या पश्चात ही वही आज प्रथमच उघडत आहे. चौदा महिने झाले.

बशीरभाईंच्या भांड्यांच्या दुकानावरील खोली महिनाभरासाठी घेतली. उद्या पहाटेच्या जीपने नर्मदाकाठी जाणार. कारण नोंदवून ठेवणे उचित.

नोकरीची शेवटची सहा वर्षे तू लसींची पेटी घेऊन धरणाच्या फुगवट्यातून होडीने काठची गावे फिरलीस. एका गुहेत होडी शिरते, आत छतास पांढरे सुळके लोंबतात, असे तू व्याह्यांसमोर कौतुकाने सांगितलेस. मी भूगोलाचा प्राध्यापक. काळ्या पाषाणात असे सुळके संभवत नाहीत, हे मी सर्वांसमक्ष, हातातील चहाचा कप खाली न ठेवता, सिद्ध केले. तू एवढेच म्हणालीस, "मी डोयाघाई देखेल शे." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. दर उन्हाळ्यात "एकदा चला ना" म्हणायचीस, तेही त्यानंतर थांबले.

दि. ५ मे

नावाडी जात्र्या पावरा. पन्नाशीचा. इं.ला सहा वर्षे यानेच नेले-आणले. मी तिचा नवरा, हे कळल्यावर त्याने मला बराच वेळ न्याहाळले.

पावसाळ्यात गुहेचे तोंड पूर्ण बुडते, आणि पाणी फार उतरले की होडी खडकांत अडते. मधल्या मोजक्या दिवसांतच आत जाता येते. मी मोबाईलवर पाण्याची पातळी पाहून हिशेब केला होता. तोंड उघडे असावयास हवे. जात्र्याने काठच्या खडकावरील ओल पाहिली व म्हणाला, "आज नाही. अजून दोन हात." मी आग्रह धरला. तासभर वल्हवून गेलो. तोंड वीतभर उघडे. परत फिरलो.

उतरताना जा. म्हणाला, "सर, आपण बुडालो असतो तरी तुमची इस्त्री मोडली नसती."

दि. ८ मे, तळोदा

वाट पाहणे. दुपारी बशीरभाईंनी चहास बोलाविले. माझा हिशेब कोठे चुकला ते मी कागदावर समजावीत होतो. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग, "प्रोफेसरसाहेब, नदी काय तुमनं कालेज शे? घंटा वाजनी का दार उघडाले!" त्यांच्या बेगम पडद्याआड हसल्या. मीही हसलो असावा.

सायंकाळी जा.चा निरोप. परवा नाही, त्यानंतर या.

दि. ११ मे

गेलो.

तोंडाशी दोघांनी होडीत उताणे निजावयाचे, व जा.ने छतास हात लावीत होडी आत ढकलावयाची. पाषाण माझ्या नाकापासून चार बोटे. डोळे मिटले, हे प्रामाणिकपणे लिहितो. आत छत उंच. गारवा. वटवाघळांचा वास.

बॅटरी वर धरली. छतास लोंबणारे काही होते खरे, परंतु तपकिरी. चिखलाचे गोळे, वाळलेली मुळे, असेच दिसले. म्हणजे मी बरोबर होतो. गेल्या चौदा महिन्यांत इतके वाईट मला एकदाच वाटले होते. परत चला म्हणालो.

जा.ने होडी वळविली नाही. उपरणे पाण्यात बुडवून उभा राहिला आणि एक सुळका पुसू लागला. "गाळ आहे, सर. दरवर्षी बसतो. सिस्टरबाई आल्या की आधी पुसायच्या."

पांढरा. दुधासारखा. टोकाशी पाण्याचा थेंब.

(वर कोठेतरी चुनखडीचा थर असावा. पाहावयास हवे.)

घरात मी आयुष्यभर शुद्ध बोललो, तुलाही टोकत आलो. आज तोंडून निघाले ते तुझ्या माहेरचे, ब्राह्मणपुरीचे बोल. मोठ्याने म्हणालो, "इंदू, तुन्हं खरं शे." जा.ने उपरणे पिळले.

दि. १२ मे

काल परततानाची हकीकत लिहावयाची राहिली. जा.ने सांगितले, गुहेच्या मागच्या भिंतीत, पाण्यालगत, एक फट आहे. पलीकडे दुसरी खोली. पाणी आणखी हातभर उतरले तरच जाता येते. इं. एकदाच गेली होती, नोकरीच्या शेवटच्या उन्हाळ्यात. जा. बाहेर थांबला होता. ती हसत हसत बाहेर आली. काय पाहिले ते विचारले, तर म्हणाली, सरांना आणीन तेव्हा सांगेन.

म्हणजे त्या चहानंतरही मला नेण्याचा तिचा विचार

हे वाक्य पुरे करता येत नाही.

दि. १३ मे

जा. म्हणतो, यंदा पाणी तेवढे उतरेलच असे नाही. वरच्या धरणातून सोडले तर पुन्हा चढेल. उतरलेच तर एखादा दिवस. तळोद्यास निरोप मिळून मी पोहोचेपर्यंत तो दिवस निघून जाईल. त्याच्या घरी ओसरीवर खाट आहे. "राहा. भाकरी जाड असते आमची." दात बरे आहेत, असे मी उत्तर दिले.

मुलीस सुरतेस फोन केला. तिने दोनदा विचारले, "पप्पा, तुम्ही? ओसरीवर?"

दि. १४ मे

दोन सदरे, औषधे, बॅटरीचे नवे सेल, ही वही. इस्त्रीचे कपडे बशीरभाईंकडे ठेवले. खोली राहू द्या, महिना संपेपर्यंत तुमचीच, असे ते म्हणाले. नको म्हणालो; खोली असली तर मी परतेन. जीप सव्वासहाची. खोली झाडली, कुलूप लावले, दोन्ही किल्ल्या त्यांच्या हाती परत दिल्या.