खुर्च्या पडल्या, जीवितहानी नाही

ती. ताई,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या तो कागदावरच घालतो आहे).

तुझ्या धाकट्या भावाचा मेंदू त्याच्या वयापेक्षा तीन वर्षांनी तरुण आहे. बातमी आठवड्यापूर्वीची असली तरी तुझ्यासाठी ताजी आहे, आणि मेंदू संशोधन केंद्राच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी स्वतः तिला दुजोरा दिला आहे. बातमीचा दुसरा परिच्छेद असा की त्याच मेंदूला, त्याच इमारतीत, दोन मजले वर, स्मरणशक्तीच्या परीक्षेत पंचवीसपैकी चार गुण मिळाले. दुजोरा त्याच बाईंचा.

तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? आमच्या पानावर खोकल्यावर तीन उपाय छापून आले होते. त्यांतला कुठलाही करू नका, मीच छापले होते.

आता मुळापासून सांगतो. निवृत्तीनंतरही वर्तमानपत्रवाल्यांनी मला आठवड्यातून तीन दिवस आरोग्याच्या पानासाठी ठेवून घेतलंय, हे तुला माहीत आहेच. एकतीस वर्षं माझं काम एकच, दुसऱ्याने लिहिलेलं कमी करायचं. संशोधक बिचारे लिहितात, 'अमुक गटात, तमुक परिस्थितीत, या दोन गोष्टींचा काही संबंध असावा असं दिसतं, अधिक अभ्यासाची गरज आहे.' आम्ही लिहितो, 'रोज चाला, विसरणं टाळा.' कापलेलं कुठे जातं ते मी कधी विचारलं नाही. एकाच आठवड्यात मी 'कॉफी मेंदूला तारक' आणि 'कॉफीपासून सावधान' असे दोन मथळे दिले आहेत, आणि दोन्ही दिवशी मी स्वतः कॉफी पीत होतो.

तर फेब्रुवारीत या केंद्राचं निवेदन आलं. वाढत्या वयात मेंदू कसा बदलतो याच्या अभ्यासासाठी '६० ते ५७ वयोगटातील निरोगी स्वयंसेवक' हवे होते. उघडच आकडे उलटे पडले होते, पंचाहत्तरचे सत्तावन्न झाले होते. मी चूक कळवायला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, "धन्यवाद काका, आणि तुमचं वय?" म्हटलं, अडुसष्ट. ती म्हणाली, "मग बुधवारी सकाळी नऊला याल का?" एक आकडा सुधारायला गेलो आणि स्वयंसेवक होऊन बसलो.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्या लेकीने ते ऐकलं. त्याच्या आदल्याच रविवारी ती आली तेव्हा घराची किल्ली बाहेरून कुलपालाच लटकत होती. (महिन्यात दुसऱ्यांदा. पहिल्यांदाची तिला शेजारीणबाईंनी सांगितली होती, त्यांचा दुजोरा कधी चुकत नाही.) हिच्या माघारी सहा वर्षं मी एकटा राहतोय, स्वतःचं करून खातोय, पण लेकीला ते पटत नाही. तिने तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केलीय. पडद्याचं मापसुद्धा घेतलंय. शेवटी आमच्यात करार झाला. ती म्हणाली, "बाबा, केंद्राचा अहवाल चांगला आला तर हा विषय मी परत काढणार नाही. नाही आला तर तुम्ही सामान बांधायचं, आणि तेव्हा वाद नाही." मी लगेच हो म्हटलं. परीक्षांची मला कधी भीती वाटली नाही. ती वाटायला हवी होती हे आता कळतंय.

लेक चांगली आहे, जावई सज्जन आहे, खोलीला ऊन येतं. पण ताई, या घरात सकाळी उठल्यावर कुठला दिवा कुठल्या बटणाने लागतो हे मला डोळे मिटून माहीत आहे. हिने लावलेल्या फळ्या आहेत. मला इथेच राहायचंय, आणि मी इथेच राहणार आहे. पुढचं सगळं हा निश्चय लक्षात ठेवून वाचावंस.

बुधवारी आधी त्यांनी मला एका नळीत आडवं सरकवलं आणि चाळीस मिनिटं हलू नका म्हणाले. आत असा आवाज होत होता की जणू वरच्या मजल्यावर कुणी फरशी बदलतंय. मी अजिबात हललो नाही. (मधेच नाकाला खाज सुटली होती. ती मी मनातल्या मनात खाजवली. ते फोटोत आलं असेल तर तसं कुणी म्हणालं नाही.)

मग वर नेलं. तिथे एक तरुण बाई हातात पेन्सिल घेऊन बसल्या होत्या, आपण त्यांना पेन्सिलवाल्या बाई म्हणू. त्या म्हणाल्या, मी एक गोष्ट वाचते, नीट ऐका, मग मला सांगा. गोष्ट अशी होती: मंगळवारी सकाळी एक सुतार आपल्या दोन मुलींना घेऊन लाल टेम्पोतून बाजाराकडे निघाला होता. पुलाजवळच्या वळणावर टेम्पोचं मागचं दार उघडलं आणि सहा नव्या खुर्च्या रस्त्यावर पडल्या. शाळेत निघालेल्या एका शिक्षिकेने त्यातल्या पाच गोळा करून दिल्या. सहावी शोधायला सुतार मागे गेला, तर तिच्यावर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत बसले होते.

आता बघ, ही गोष्ट मला आज अक्षरशः पाठ आहे. तेव्हाही होती. पण बाई म्हणाल्या, "सांगा," आणि समोर मजकूर आला की माझा हात आपोआप चालतो. मी म्हटलं:

"भरधाव टेम्पोतून खुर्च्या रस्त्यावर पडल्या. सुदैवाने जीवितहानी नाही."

बाई पेन्सिल वर धरून थांबल्या. "आणखी काही?"

"सविस्तर वृत्त हवं असेल तर जागा किती आहे?" मी विचारलं.

"काका, भरधाव मी म्हटलं नव्हतं."

"टेम्पो भरधावच असतो हो. एकतीस वर्षांत मी दुसरा टेम्पो पाहिला नाही."

त्यांनी काहीतरी खूण केली. मला नंतर कळलं की गोष्टीचे पंचवीस तुकडे असतात, सुतार एक, मंगळवार एक, लाल एक, आणि प्रत्येकाला एक गुण. मी जे वगळलं ते विसरलो असं धरतात. आणि जे गोष्टीत नव्हतं पण मी घातलं, त्याची वेगळी नोंद होते. विसरण्यापेक्षाही तिच्याकडे जास्त काळजीने बघतात म्हणे. म्हणजे ज्या 'भरधाव'साठी मला ऑफिसात कुणी कधी हटकलं नाही, तो तिथे लक्षण निघाला.

अर्ध्या तासाने त्यांनी तीच गोष्ट पुन्हा विचारली. दुसऱ्या आवृत्तीत जागा कमी असते हे तुला सांगायला नको. मी म्हटलं, "खुर्च्या पडल्या." त्यावरून माझी पुढची वाट ठरली.

गेल्या सोमवारी मुख्य डॉक्टरीणबाईंनी मला आणि लेकीला बोलावलं. बाई शांत आहेत, एकेक शब्द तोलून बोलतात. म्हणाल्या, फोटोवरून काढलेलं मेंदूचं वय पासष्ट येतंय, मात्र त्यात पाच वर्षांचा फरक इकडे किंवा तिकडे असू शकतो. (हे शेवटचं वाक्य मी तुला पत्राच्या सुरुवातीला कापून सांगितलं. सवय.) परीक्षेचे गुण मात्र त्याच्याशी जुळत नाहीत. एका परीक्षेवरून आम्ही काही ठरवत नाही, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दुसरी गोष्ट देऊन पुन्हा घेऊ. मी त्यांना उपसंपादनाचा खुलासा केला. त्यांनी तो लिहून घेतला, माझ्यापेक्षा जास्त शब्दांत. परतताना लेक वाटेत एकच बोलली, "बाबा, तुम्ही सुताराच्या दोन्ही मुली कापल्यात?"

मग मी कंबर कसली. अकरा दिवसांत मला कापणं विसरायचं होतं. सोबत आजवर ज्या सवयींचे मी मथळे दिले त्या सगळ्या अंगी लावल्या. वेळेवर झोपलो, दोन वेळा चाललो, कान तपासून घेतले (ठीक आहेत, लेकीने दोनदा विचारलं), आणि नवं काहीतरी शिकावं म्हणून डाव्या हाताने दात घासले. पेस्ट आरशाला लागली. आरसा डाव्या हाताने पुसताना ब्रशचा पेला फुटला. जीवितहानी नाही.

मुख्य सराव मात्र ऐकण्याचा होता. खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाईंना मी म्हटलं, काहीही सांगा, पण सविस्तर सांगा. असं त्यांना आयुष्यात कुणी म्हटलं नसावं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या ज्या निघाल्या त्या पाऊण तासाने नळाच्या गळतीपाशी पोचल्या. मग मी त्यांना त्यांचंच सगळं क्रमाने परत सांगितलं, नर्सच्या चपलांच्या रंगासकट. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, आमच्या घरात इतकं कुणी ऐकत नाही. आता त्या रोज सकाळी दहाला येतात. अभ्यास उत्तम चाललाय, सुटका दिसत नाही.

ऑफिसात मात्र घात झाला. झोपेवरच्या नव्या संशोधनाची दीडशे शब्दांची बातमी करायची होती. मी संशोधकांच्या सगळ्या अटी, सगळे 'असावं', सगळे 'अद्याप स्पष्ट नाही' आदराने ठेवले. साडेसहाशे शब्द झाले. पानाच्या प्रमुख बाई (माझ्या लेकीच्या वयाच्या, स्वभावाने तिच्याहून कडक) माझ्या टेबलाशी आल्या. "काका, हे काय आहे? यात झोपावं की झोपू नये तेच कळत नाही."

"संशोधकांनाही अजून पुरतं कळलेलं नाही," मी म्हटलं.

"मग ते आपण का छापतोय?"

त्यांनी बातमी स्वतः कापली आणि मला शब्दकोड्याची उत्तरं तपासायला दिली. असो. शुक्रवारपर्यंत ते चालेल. टेम्पो असो की हातगाडी, रंग, वार, नग आणि मुलींची संख्या यांतलं काहीही मी सोडणार नाही, आणि वेगाबद्दल चकार शब्द काढणार नाही.

भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. एक राहिलंच. शुक्रवारच्या आधी, गुरुवारी सकाळी अकराला, केंद्रातून तुला फोन येईल. निदान दहा वर्षं ओळखणाऱ्या एका नातेवाइकाला ते प्रश्न विचारतात, आणि मी अर्जात तुझं नाव दिलंय. (लेकीचं द्यायला हवं होतं. तिनेही तसंच म्हटलं.) 'दहा वर्षांपूर्वीच्या मानाने यांचं विसरणं वाढलंय का?' असा त्यांचा मुख्य प्रश्न असतो. वाढलंय म्हणालीस तर मागची खोली. मी मुळीच विसरत नाही असं सांगितलंस तर केंद्रातल्या बाई विश्वास ठेवणार नाहीत, त्यांच्याकडे 'खुर्च्या पडल्या' आहे. एकच उत्तर मला वाचवू शकतं. सांग, की हा पहिल्यापासून असाच आहे. पुरावा मागितला तर पुढचा ता. क. बघ.

ता. क. २. तू पंचवीस वर्षांची असताना ग्रंथालयातल्या नोकरीचा तुझा अर्ज पेटीत टाकायला माझ्याकडे दिला होतास. तो पोचला नाही, नोकरी दुसरीला मिळाली, आणि टपालखात्याने तो गहाळ केला असं मी अठ्ठेचाळीस वर्षं सांगत आलो. टपालखात्याचा काही दोष नव्हता. पुढच्या वर्षी तो माझ्या रेनकोटाच्या आतल्या खिशात सापडला, आणि मी तो जाळला. हे सांगायला मला मेंदूचा अभ्यास लागला याची लाज वाटते. तू रागावशील तर रागाव. पण बाईंना तारखेसकट सांग. विसाव्या वर्षी मी इतका विसराळू होतो, तर अडुसष्टाव्या वर्षी मी कुठेही घसरलेलो नाही.

ता. क. ३. वरचं सगळं सोमवारी लिहिलं. आज बुधवार. दुपारी लेक माझा कोट धुवायला देण्यासाठी खिसे तपासत होती आणि तिला हे पाकीट सापडलं. तिकीट लावलेलं, पण बंद करायचं आणि पेटीत टाकायचं राहिलेलं. तिने उभ्याउभ्या सगळं वाचलं, दोन्ही ता. क. सकट. मी खुलाशाला सुरुवात करणार होतो, पण खुलासा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आत्याला हे पोस्टाने पाठवायचं नाही. मी घेऊन जाते." मी म्हटलं, तू तिला काय सांगणार? म्हणाली, "मी काही सांगणार नाही. मी फक्त बसणार."

तेव्हा उद्या सकाळी पावणेदहाला ती तुझ्या दारात असेल. पत्र आधी वाचून घे, घाई करू नकोस, सव्वा तास आहे. अकराला फोन वाजेल तेव्हा ती तुझ्यासमोर बसलेली असेल. मी इथे, माझ्या घरात, फोनपाशी थांबतो. तुझं जे उत्तर असेल ते ती मला साडेअकराला कळवणार आहे.